धूसर चेहऱ्याचा मागोवा

पोलिसांच्या खोलीत पडद्यावर एक धूसर चित्र असते. कुणीतरी ‘जरा मोठं करा’ म्हणतो, दोन-चार कळा दाबल्या जातात आणि गाडीच्या काचेतल्या प्रतिबिंबात खुन्याचा चेहरा लख्ख उमटतो. संगणकाविषयी चित्रपटांनी रुजवलेल्या समजुतींत ही सर्वांत चिवट. तिचे कूळ शोधायचे तर आपल्याला 1957 सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात उतरवला. आडवे 176 आणि उभे 176, असे एकूण 30,976 ठिपके. यंत्राने टिपले ते एवढेच. ठिपक्याच्या पोटात आणखी काही दडलेले नसते. पुढे 31 जुलै 1964 रोजी रेंजर-7 यानाने चंद्रावर आदळण्यापूर्वी चार हजारांहून अधिक छायाचित्रे पाठवली आणि पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत संगणकाने त्यांतला खरखराट आणि विकृती काढून टाकल्या. चित्र खरोखरच सुधारले, कारण दोषाखाली झाकलेले तपशील यानाने टिपलेलेच होते. खऱ्या शास्त्राची ही मर्यादा पुढे पडद्यावर हरवत गेली.

आरंभी मात्र चित्रपट या बाबतीत शास्त्राइतकाच प्रामाणिक होता. 1966 सालच्या अँतोनिओनी यांच्या ‘ब्लो-अप’मध्ये लंडनचा एक छायाचित्रकार बागेत काढलेला फोटो डार्करूममध्ये मोठा करतो, त्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढून आणखी मोठा करतो. झुडपात पिस्तूल दिसल्यासारखे वाटते, गवतात प्रेत दिसल्यासारखे वाटते आणि अखेरीस हाती उरतो तो फिल्मचा भरड रवा. त्यात माणूस आहे की नुसते डाग, हे फोटो सांगू शकत नाही. आपल्या गावातला फ्लेक्स छापणारासुद्धा मोबाइलवरचा लहान फोटो पाहून ‘मोठा केला की फाटेल’ असे सांगतो, ते हेच ज्ञान. या विषयावर याहून खरा चित्रपट मला माहीत नाही.

वळण आले 1982 साली, रिडली स्कॉट यांच्या ‘ब्लेड रनर’मध्ये. 2019 सालच्या कल्पित लॉस एंजेलिसमध्ये नायक एक फोटो एस्पर नावाच्या यंत्रात घालतो आणि तोंडी हुकूम सोडतो. यंत्र चित्रात शिरत जाते, आरशापाशी पोहोचते आणि त्यातून आडोशाला निजलेली स्त्री शोधून काढते. दृश्य विलक्षण देखणे आहे आणि ते भविष्यातले असल्याने क्षम्यही आहे. 1987 सालच्या ‘नो वे आउट’ने मात्र हीच करामत वर्तमानकाळातल्या पेंटॅगॉनमध्ये आणली. तिथे पोलरॉइडच्या निगेटिव्हमधून नायकाचा स्वतःचाच चेहरा हळूहळू उमटत जातो आणि सारा ताण त्या संथपणावर उभा राहतो. ‘एनिमी ऑफ द स्टेट’मध्ये, 1998 साली, दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण चक्क फिरवून पिशवीची न दिसलेली बाजू दाखवली गेली. 2000 साली सुरू झालेल्या ‘सीएसआय’ या अमेरिकी टीव्ही मालिकेने ती जादू रोजच्या तपासकामाचा भाग करून घरोघर पोहोचवली. टीव्हीवर पाहिलेल्या अशाच पुराव्याची अपेक्षा ज्युरीतले लोक करू लागले आहेत, अशी चिंता अमेरिकेतले वकील व्यक्त करू लागले आणि त्याला ‘सीएसआय परिणाम’ असे नावही पडले.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ती कळ खरोखर दाबता येते, आणि म्हणूनच आपण अधिक सावध व्हायला हवे. 2020 साली ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘पल्स’ नावाची प्रणाली सादर केली. 16 गुणिले 16, म्हणजे अवघ्या 256 ठिपक्यांच्या चेहऱ्यापासून ती दहा लाखांहून अधिक ठिपक्यांचा रेखीव चेहरा बनवते. मधले सारे ठिपके ती पूर्वी पाहिलेल्या चेहऱ्यांवरून रचते. त्याच वर्षी कुणीतरी तिला बराक ओबामांचा धूसर फोटो दिला, तेव्हा तिने एका गोऱ्या पुरुषाचा चेहरा काढून दिला. संशोधकांनी आपली प्रणाली ओळख पटवण्यासाठी नाही असे बजावले होते, पण चार दशके चित्रपट पाहिलेल्या डोळ्यांना असा इशारा पुरत नाही. मार्च 2024 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या न्यायालयात एका खुनाच्या खटल्यात बचाव पक्षाने कृत्रिम बुद्धिमत्तेने स्पष्ट केलेला मोबाइल व्हिडिओ पुरावा म्हणून पुढे केला. न्यायाधीशांनी तो स्वीकारण्यास नकार दिला.