सात नंबरचा पाय

अब्बांच्या उजव्या पायाची करंगळी कापावी लागली, त्याला आता सहा वर्षं झाली. कारण कुणी विचारलं तर आम्ही 'शुगर' म्हणतो. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कारण म्हणजे एक नवा कोरा काळा बूट.

धाकट्या भावाचा निकाह होता. अब्बांना घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "चाचा, नंबर?" अब्बा म्हणाले, "सात." नोकरीला लागले तेव्हापासून त्यांचा नंबर सातच. डबा उघडला, बूट पायात गेला, अब्बा चार पावलं चालले. "जमतंय?" "जमतंय." आम्ही पैसे दिले. दुकानात आरसा होता, स्टूल होतं, पण पाय मोजायला कुणीच सांगितलं नाही. मीही नाही.

वलीम्यापर्यंत करंगळीच्या बाजूला फोड आला होता. तो कुणालाच कळला नाही, अब्बांनाही नाही. वर्षानुवर्षांच्या साखरेने पायाची संवेदना गेलेली होती. मोज्याला डाग दिसला तेव्हा जखम आतपर्यंत पोचली होती. मी चिडून विचारलं, आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "दुख्याच नै, तो दिखाता क्या?"

डॉक्टरांनी ते बूट मागवून घेतले. अब्बांना कोऱ्या कागदावर उभं केलं आणि डाव्या, चांगल्या पायाभोवती पेन्सिलीने रेघ ओढली. मग त्या आकृतीवर डावा बूट ठेवला. पुढे-मागे बूट बरोबर होता. पण दोन्ही बाजूंनी पेन्सिलीची रेघ बुटाच्या बाहेर दिसत होती. डॉक्टर एवढंच म्हणाले, "सर, लांबी सात नंबरची आहे. रुंदी कुणी बघितली?"

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. शब्द कुठून आला ते खणत बसायची सवय आहे. त्या दिवसापासून 'सात नंबर' या दोन शब्दांनी मला सोडलं नाही. सात म्हणजे काय? सात इंच? सात बोटं? कशाचे सात?

जवाचे बत्तीस दाणे

उत्तर निघालं जवाच्या शेतात. मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यात इंचाची व्याख्याच अशी होती की जवाचे तीन कोरडे दाणे एकापुढे एक लांबीत मांडले की एक इंच. बुटाचं इंग्रजी माप याच दाण्यावर उभं आहे. एक नंबर वाढला की लांबी एका दाण्याने, म्हणजे एक तृतीयांश इंचाने वाढते. आपल्या मापात सुमारे साडेआठ मिलिमीटर.

मोजणी सुरू होते चार इंचांपासून. तिथून लहान मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मग मोठ्यांचा एक नंबर नव्याने सुरू होतो. हिशोब करून पाहा. चार इंचांचे १२ दाणे, मुलांच्या मापाचे १३ आणि अब्बांचे ७. एकूण ३२. म्हणजे सात नंबर म्हणजे जवाचे बत्तीस दाणे, सुमारे २७ सेंटिमीटर.

डब्यावर शेजारी ४१ असा जो दुसरा आकडा असतो, तो फ्रेंच पद्धतीचा. तिथे एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. ४१ नंबरचं गणित केलं की तेही २७ सेंटिमीटरच्या थोडं पुढे येतं. दोन देशांच्या दोन पट्ट्या, एकच बूट.

जवाचा दाणा आपल्याला काही परका नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यवांचं एक अंगुळ आहे. आपल्या फिक्हच्या किताबांत प्रवासाचं अंतर ठरवताना २४ बोटांचा एक हात आणि सहा जवांचं एक बोट असा हिशोब येतो. मदरशात शिकलेल्या कुणालाही तो आठवेल. यंत्रं नव्हती तेव्हा माणसाने धान्य आणि स्वतःचं शरीर यांनाच पट्टी केलं. हात, वीत, बोट, पाऊल ही सगळी मापं अंगावरची. गंमत अशी की ज्या पावलाने जग मोजलं, ते पाऊल मोजायला मात्र जव लागला.

कालबूद

पण खरी मेख पुढे आहे. हे बत्तीस दाणे पायाचे नाहीतच. ते आहेत लाकडी साच्याचे, ज्यावर चामडं ताणून बूट शिवला जातो. हल्ली कारखान्यात त्याला फर्मा म्हणतात. जुने कारागीर त्याला कालबूत म्हणत. हा शब्द फारसीतल्या 'कालबुद'वरून आला आहे. कालबुद म्हणजे देह, ढाचा, आकार. उर्दू शायरीत रूह आणि कालबुद शेजारी शेजारी येतात. मोच्याच्या दुकानातल्या लाकडी पायाला कुणीतरी 'देह' म्हटलं, हे मला फार आवडतं.

म्हणजे इंग्रजी नंबर देहाचं माप सांगतो, पण खऱ्या देहाचं नाही, लाकडाच्या. पाय त्यापेक्षा थोडा आखूडच असावा लागतो, कारण पुढे बोटांना जागा हवी. ती किती सोडायची हे प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीने ठरवतो. म्हणून एका दुकानातला सात दुसऱ्या दुकानात आठ होतो. आणि रुंदी? त्या आकड्यात रुंदीचा एक शब्दही नाही.

रुंदी सोडा, युरोपात कित्येक पिढ्या बुटाला डावं-उजवंही नव्हतं. प्राचीन रोमनांना ते ठाऊक होतं. पण सोळाव्या शतकाच्या अखेरीस उंच टाचांची फॅशन आली आणि दोन पायांसाठी दोन वेगळे साचे बनवणं महाग पडू लागलं. मग दोन्ही बूट एकाच सरळ साच्यावर शिवायचे आणि डाव्या-उजव्याचा फरक पायांनी चालून चालून पाडायचा, अशी रीत पडली. एकोणिसाव्या शतकात डावा-उजवा फरक हळूहळू परत आला. मधल्या काळात पेत्रुस कांपर या डच शरीरशास्त्रज्ञाने १७८१ मध्ये उत्तम बुटाच्या आकारावर एक निबंधच लिहिला. घोड्याच्या नालेची इतकी चिंता करणारे आपण माणसाच्या पायाकडे लक्ष देत नाही, असा त्याचा रोख होता. पुढे झुरिकच्या हेरमान मायर यांनी १८५८ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. बूट पायाच्या आकाराचा हवा. एवढी साधी गोष्ट, पण ती सांगायला प्राध्यापक लागले.

मोजण्याचं यंत्र आणि मोजण्याचं नाटक

पाय नीट मोजायची जी पट्टी आज जगभर चालते, ती एका चपलांच्या दुकानात जन्मली. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूस नावाचं शहर आहे. तिथे चार्ल्स ब्रॅनॉक या तरुणाच्या वडिलांचं दुकान होतं. तेव्हा दुकानात पाय मोजायला साधी लाकडी पट्टी असे. ब्रॅनॉकने मुलांच्या जोडाजोडीच्या धातूच्या खेळण्यातून पहिला नमुना बनवला आणि १९२०च्या दशकात त्याचं यंत्र बाजारात आलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानेही ते वापरलं.

हे यंत्र एक नाही, तीन गोष्टी मोजतं. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी, पायाची रुंदी आणि टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या गाठीपर्यंतचं अंतर. हे तिसरं माप महत्त्वाचं आहे. दोन माणसांच्या पायांची लांबी सारखी असू शकते, पण एकाची बोटं लांब, दुसऱ्याचा तळवा लांब. चालताना पाय त्या गाठीपाशी वाकतो. बूटही नेमका तिथेच वाकला पाहिजे, नाहीतर नंबर बरोबर असूनही बूट चावतो.

याच काळात आणखी एक यंत्र आलं, आणि ते जास्त गाजलं. ते होतं एक्स-रेचं. लाकडी पेटीच्या फटीत मुलाने बूट घातलेले पाय घालायचे. वर तीन छिद्रं, एक मुलासाठी, एक आईबापासाठी, एक विक्रेत्यासाठी. आत हिरवट उजेडात बोटांची हाडं हलताना दिसत. मुलं हट्टाने पुन्हा पुन्हा पाहत. किरणांचा धोका ध्यानात आला तेव्हा बंदी सुरू झाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने पहिल्यांदा, १९५७ मध्ये, ती घातली. खरं तर त्या पेटीने मोजत काहीच नव्हतं. हाडं दिसत, पण बुटाचा दाब कुणाला दिसत नव्हता. मोजल्याचं समाधान मात्र मिळे. साधी पट्टी काम करत होती आणि चमकदार पेटी धंदा.

आपले पाय, परक्यांचे आकडे

आपल्याकडे मापाची विद्या होती, ती चांभार-मोची समाजाच्या बोटांत. गिऱ्हाईक कागदावर किंवा थेट चामड्यावर पाऊल ठेवी, कारागीर रेघ ओढी, दोऱ्याने किंवा कागदाच्या पट्टीने पावलाचा घेर घेई. लांबी, रुंदी, चढ, सगळं त्यात आलं. डॉक्टरांनी अब्बांच्या पायाभोवती जी रेघ ओढली, ती हीच. ज्यांना ही विद्या येत होती त्यांना आपण गावाच्या कडेला बसवलं. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण आपण अजूनही सहज वापरतो, आणि आम्ही मुसलमानही त्यातून सुटलेलो नाही. अस्पृश्यता मानत नाही असं म्हणणाऱ्या आमच्या मोहल्ल्यांतही जोडे शिवणाऱ्याला बिरादरी विचारली जाते.

मग डब्यातले बूट आले. १९३०च्या दशकात बाटाचा कारखाना कोलकात्याजवळ उभा राहिला, बाटानगर नावाचं गावच वसलं. स्वस्त, टिकाऊ जोडे लाखो अनवाणी पायांना मिळाले, हे मोठंच काम झालं. पण रेघ ओढणाऱ्या हाताची जागा एका आकड्याने घेतली, आणि तो आकडा इंग्रजांचा होता.

स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं उलटली तरी तोच चालू राहिला. अखेर डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त भारतीयांचे पाय त्रिमिती स्कॅनरने मोजले. निष्कर्ष वाचताना मला अब्बांचा तो कागद आठवला. भारतीयांचे पाय परदेशी मापाच्या मानाने रुंद आहेत. रुंदीत बसावं म्हणून अनेक जण लांबीला मोठा बूट घेतात. मुलींच्या पायांची वाढ साधारण अकराव्या वर्षी, मुलांची पंधरा-सोळाव्या वर्षी सर्वाधिक असते. या पाहणीवरून भारतीय मापाची नवी पद्धत सुचवली गेली. तिचं नाव 'भा', भारतातला भा.

आणखी एक नाव इथे घेतलं पाहिजे. तमिळनाडूत जन्मलेले ब्रिटिश शल्यविशारद पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने सडून गळतात, अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड यांनी दाखवून दिलं की पाय सडत नाही, तो बधिर होतो. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो. त्यामुळे औषधाइतकीच चप्पलही महत्त्वाची ठरली. या कामातून पुढे आलेली मऊ रबराची चप्पल आज कुष्ठरोगाबरोबर मधुमेहाच्या रुग्णांनाही दिली जाते. अब्बांच्या पायात आता तीच आहे. 'दुख्याच नै' या त्यांच्या वाक्याचा अर्थ वेल्लोरमध्ये सत्तर वर्षांपूर्वीच लावून झाला होता. आमच्या घरापर्यंत पोचायला उशीर झाला.

वर्गातले कागद

गेल्या वर्षी मी सातवीच्या वर्गात रद्दी कागद वाटले. जोड्या केल्या आणि एकमेकांच्या पावलांभोवती रेघा ओढायला लावल्या. उभं राहून, कारण वजन पडलं की पाय पसरतो. दोन्ही पायांच्या, कारण ते क्वचितच सारखे असतात आणि माप मोठ्या पायाचं घ्यायचं असतं. मग ज्याने त्याने आपला बूट त्या रेघेवर ठेवला. थोडा वेळ हसाहशी झाली. मग एक मुलगी गप्प झाली. तिचे बूट मोठ्या बहिणीचे होते, आणि बहिणीला ते घेतले तेव्हा बहीण पाचवीत होती. रेघ चारही बाजूंनी बाहेर. मी विचारलं, "बेटा, दुखत नाही?" ती म्हणाली, "सवय झाली, सर."

दुकानात जाताना काय करावं ते आता मला पाठ आहे. संध्याकाळी जावं, दिवसभरात पाय थोडे सुजतात. उभं राहून माप द्यावं. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा ठेवावी. नंबर सांगू नये, पाय दाखवावा. वय वाढलं की पाय पसरतो, म्हणून पंचविशीतला नंबर साठीत चालत नाही. आणि घरात कुणाला शुगर असेल तर त्याचे पाय रोज कुणीतरी पाहावेत.

हे शेवटचं लिहिताना हात थोडा अडखळतो. अब्बा पाच वेळा वुजू करतात. पाच वेळा पाय धुतात, बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवतात. त्या तीन आठवड्यांत त्या जखमेवरून त्यांचा स्वतःचा हात कितीदा तरी फिरला असेल. हौदावर शेजारी मी बसलेलो असायचो. दोघांनीही पाय धुतले, पाहिले नाहीत.

आता फजरला मी त्यांच्या पायांवर पाणी घालतो आणि मोबाइलची बॅटरी लावून दोन्ही तळवे बघतो. त्यांना ते आवडत नाही. "नमाज कजा होईंगी," म्हणून ओरडतात. मी म्हणतो, "एक मिनिट, अब्बा." डॉक्टरांनी रेघ ओढलेला तो कागद मी घडी घालून कपाटात ठेवला आहे. दर ईदच्या आधी तो घेऊन दुकानात जातो.