लिबरेटर ते डकोटा : पालमच्या संग्रहालयाची वाटचाल

दिल्लीच्या पालम विमानतळाला लागून भारतीय हवाई दलाचं संग्रहालय आहे. १९६७ साली ते उभं राहिलं. आतल्या हँगरमध्ये वापिटी नावाचं, एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असलेलं जुनं विमान आहे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिघ रोड तळावर हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे अशी चार विमानं होती. पालमचं हे वापिटी आज जगात उरलेलं एकमेव मानलं जातं. त्याच्याच सोबतीला लायसँडर, हरिकेन, स्पिटफायर, टेंपेस्ट आहेत. वैमानिकासकट शत्रूच्या जहाजावर आदळण्यासाठी जपानने बनवलेलं ओकाही आहे. ते पाहताना माणूस बराच वेळ गप्प होतो.

अशी दुर्मिळ विमानं आपल्याकडे राहिली कशी? वारसा म्हणून ती कोणी जपून ठेवली होती असं नाही. नवा, गरीब देश होता. हातात आलेली वस्तू पूर्ण झिजेपर्यंत वापरायची, एवढीच रीत होती. श्रीमंत देशांनी आपली विमानं युद्ध संपताच वितळवून टाकली. आपण वापरत राहिलो, म्हणून त्यांतली बरीच उरली. पालमच्या आवारातलं लिबरेटर हा याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा आहे.

चार इंजिनांचं हे अमेरिकन बॉम्बफेकी विमान. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वापरलं. अमेरिकेने ही विमानं उसनवारीच्या करारावर दिली होती. युद्ध संपल्यावर ती परत करायची किंवा निकामी करायची, अशी अट होती. परत कोणालाच नको होती. तेव्हा कानपूरला ती रांगेने उभी करून, पुन्हा उडू नयेत अशी त्यांची मोडतोड करण्यात आली. स्वातंत्र्यानंतर काश्मीरची लढाई पेटली आणि हवाई दलाकडे एकही अवजड बॉम्बफेकी विमान नव्हतं. नवीन घ्यायला पैसा नव्हता. मग नजर वळली ती कानपूरच्या त्या ढिगाऱ्याकडे.

हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला जोडला, चेपलेले पत्रे सरळ केले आणि एकेक विमान जेमतेम उडण्याजोगं केलं. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी ही ठिगळं लावलेली विमानं कानपूरहून बंगळूरला उडवत नेत. खरी दुरुस्ती तिथे होई. कागदावर हे एक वाक्य आहे. पण मुद्दाम मोडलेलं आणि तात्पुरतं डागडुजी केलेलं विमान घेऊन एवढा पल्ला गाठायचा, तोही एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा, याला काय लागत असेल! आपल्या हवाई इतिहासात मुन्शींचं नाव आजच्यापेक्षा कितीतरी ठळक असायला हवं होतं. नोव्हेंबर १९४८ मध्ये पाच नंबरची स्क्वाड्रन लिबरेटर घेऊन उभी राहिली. पुढे सहा नंबरच्या स्क्वाड्रननेही हीच विमानं समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरली, आणि तिचा पुण्याशी दीर्घ संबंध राहिला. एकूण चाळीसच्या वर लिबरेटर अशी पुन्हा आकाशात गेली. १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली, तेव्हा जगातल्या दुसऱ्या कोणत्याही हवाई दलाकडे लिबरेटर वापरात नव्हतं.

मग परदेशी संग्रहालयांना जाग आली. अमेरिकेत अशी अठरा हजारांवर विमानं बनली होती, पण शाबूत नमुने शोधायला त्यांना भारताकडे यावं लागलं. ओटावाच्या संग्रहालयात गेलेलं, अमेरिकेत टुसॉनच्या पिमा संग्रहालयात असलेलं, १९७४ मध्ये ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला मिळालेलं, ही सगळी लिबरेटर आपल्या हवाई दलाची. एक तर भारतात कित्येक वर्षं बेवारस पडून होतं. एका ब्रिटिश संग्राहकाने ते नेलं, पुढे अमेरिकेतल्या कॉलिंग्स फाउंडेशनने घेतलं आणि प्रचंड मेहनतीने १९८९ मध्ये पुन्हा उडवलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस स्पिटफायर आणि टेंपेस्टचे सांगाडेही असेच बाहेर गेले. विकलं याचं मला दुःख नाही. तिकडे ती जगली. दुःख याचं, की त्यांची किंमत आपल्याला गिऱ्हाईक दारात आल्यावर कळली.

कारण विमान वापरणं आणि विमान जपणं ही वेगळी कामं आहेत. उडतं विमान रोज कोणीतरी तपासतं. उभं विमान कोणी तपासत नाही. सांध्यांत पाणी साचतं, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर पांढरी पूड धरते, पत्रे पापुद्र्यांसारखे सुटू लागतात. रबराची सीलं कडक होऊन तडकतात, कॉकपिटची काच उन्हाने धुरकट होते, पोकळ्यांत पक्षी घरटी करतात आणि त्यांची विष्ठा धातू खाते. दिल्लीचं ऊन आणि धूळ वाईटच. गोव्यातल्या नौदलाच्या हवाई संग्रहालयात तर त्यात खारा वारा येतो. १९९८ साली दाबोळीजवळ सुरू झालेल्या त्या संग्रहालयात सी हॉक, आलिझे, सीलँड यांच्याबरोबर एक सुपर कॉन्स्टेलेशन आहे. एअर इंडियाच्या ताफ्यातून हवाई दलाकडे आणि तिथून नौदलाकडे गेलेला हा विमानप्रकार. त्याच्या एवढ्या मोठ्या अंगावर छप्पर घालणं सोपं नाही, हे मान्य. पण उघड्यावर दर पावसाळ्यात धातू थोडा थोडा जातो आणि वरून कितीही रंग दिला तरी गेलेला धातू परत येत नाही. चौकाचौकांत खांबावर चढवलेल्या नॅट आणि मिग या लढाऊ विमानांचं तर विचारूच नये. एकदा उद्घाटन झालं की त्यांच्या वाट्याला फक्त रंगाचा हात येतो.

हवाई दलाने हे ओळखलं, याची खूण म्हणजे १९८८ मध्ये पालमला सुरू झालेली ‘व्हिंटेज फ्लाइट’. टायगर मॉथ, हार्वर्डसारखी विमानं उडती ठेवायची, ही तिची कल्पना. पुढे सुट्या भागांची चणचण आणि जुनी इंजिनं जाणणारे हात कमी होणं यांमुळे हे काम थंडावलं. पुन्हा गती आली ती २०१२ साली. ब्रिटनमध्ये दुरुस्त करून आणलेलं टायगर मॉथ त्या वर्षीच्या हवाई दल दिनाला दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उडालं. त्यानंतर हार्वर्ड आलं.

आणि मग डकोटा हे वाहतुकीचं विमान. राज्यसभेचे तेव्हाचे सदस्य राजीव चंद्रशेखर यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर डकोटाचे वैमानिक. मुलाने आयर्लंडमध्ये भंगारात निघालेलं एक डकोटा विकत घेतलं, ब्रिटनमध्ये त्याची दुरुस्ती करवली आणि ते हवाई दलाला भेट देऊ केलं. ही भेट सुरुवातीला नाकारली गेली होती. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ती स्वीकारण्याचं ठरलं. एप्रिल २०१८ मध्ये ते विमान कोव्हेंट्रीहून निघालं, युरोप आणि पश्चिम आशियातले थांबे घेत जामनगरला उतरलं आणि ४ मे रोजी हिंडनला दलात दाखल झालं. नाव ‘परशुराम’, क्रमांक व्हीपी ९०५. काश्मीरच्या त्याच लढाईत २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला गेलेल्या डकोटाचा हा क्रमांक. एका मुलाच्या पितृप्रेमातून हे घडलं ते फार चांगलं झालं. पण पुढचं विमान असं कोणाच्या घरगुती मायेवर सोडून चालणार नाही.

पुढचं विमान दारात उभंच आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ पासून आठशेच्या वर मिग-२१ हवाई दलात आली, त्यामुळे सांगाडे उदंड मिळतील आणि गावोगावच्या चौकांतून मागणीही येईल. ती सगळी पुरवण्यापेक्षा दोन-तीन मोजकी विमानं निवडावीत. १९७१ च्या लढाईत भाग घेतलेलं एखादं शाबूत असेल, तर ते आधी. त्यांना पक्कं छप्पर द्यावं, मूळ नोंदवह्या विमानासोबतच ठेवाव्यात आणि देखभालीसाठी माणसं नेमावीत. नाशिकजवळ ओझरला या विमानांची बांधणी झाली, दुरुस्तीही झाली. तिथले कितीतरी तंत्रज्ञ आज निवृत्त होऊन नाशिक परिसरातच राहतात. कोणता जोड आधी सुटतो, कुठे पाणी मुरतं, कोणता पत्रा कसा उचलायचा, हे त्यांच्या हातांत आहे. संग्रहालयाने वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन त्यांच्या घरी जायला हवं, आणि ते याच वर्षी.