विषाणुसंसर्गानंतरची धाप : दोष फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतही

म्हैसूर : ताप उतरतो, खोकला थांबतो, छातीचा एक्स-रेही स्वच्छ येतो, तरी जिना चढताना धाप लागते. कोविड-१९ नंतर अनेकांना आलेल्या या अनुभवामागे फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा विकार हेही एक कारण असू शकते.

म्हैसूरला छातीच्या विकारांवरील उपचारांची जुनी परंपरा आहे. राजकन्या कृष्णाजम्मण्णी यांच्या नावाचे येथील क्षयरोग आरोग्यधाम १९२४ मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. क्षयरोगाच्या तपासणीत एक्स-रे मोलाचा ठरतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील अडथळा मात्र त्यात सहसा दिसत नाही.

फुप्फुसांतील वायुकोश आणि केशवाहिन्या यांच्यामधील पडदा अत्यंत पातळ असतो. त्यातूनच प्राणवायू रक्तात मिसळतो. संसर्गामुळे रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला सूज येऊन सूक्ष्म गुठळ्या होऊ शकतात. मग वायुकोशात हवा पोहोचते, पण तेथे पुरेसे रक्त पोहोचत नाही. २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कोविडने मृत्यू पावलेल्या ७ जणांच्या केशवाहिन्यांत इन्फ्लुएंझाने दगावलेल्यांच्या तुलनेत ९ पट सूक्ष्म गुठळ्या आढळल्या. हे निष्कर्ष गंभीर आजाराचे असल्याने सौम्य आजारातून बऱ्या झालेल्या प्रत्येकाला ते लागू होत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२१ मधील व्याख्येनुसार, संसर्गानंतर साधारण ३ महिन्यांनी आढळणारी, किमान २ महिने टिकणारी आणि अन्य निदानाने उलगडा न होणारी लक्षणे कोविडोत्तर स्थितीत मोडतात. म्हणूनच क्षयरोग, दमा, रक्तक्षय आणि हृदयविकार आधी तपासावे लागतात. त्यानंतर ६ मिनिटे चालण्याची चाचणी, फुप्फुसांची वायुवहन क्षमता, हृदयाची इको तपासणी आणि गरजेनुसार हवा व रक्तप्रवाहाचे तुलनात्मक स्कॅन केले जाते. गुठळ्या दीर्घकाळ राहिल्यास फुप्फुसांतील रक्तदाब वाढून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. काही रुग्णांत त्या शस्त्रक्रियेने काढता येतात.

रक्त पातळ करणारी औषधे स्वतःहून घेतल्यास रक्तस्रावाचा धोका संभवतो. अचानक वाढलेली धाप, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त, भोवळ किंवा एका पायाला सूज आल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. एक्स-रे निर्दोष असला, तरी टिकून राहिलेली धाप मनाचा खेळ ठरवून सोडून देता येत नाही.