अकीक फोडताना

घोड नदीच्या पात्रात उचललेला तो दगड नारळाएवढा होता. बाहेरून मळकट, पण एका कडेचा टवका उडाला होता आणि तिथून आतले दुधी-करडे पट्टे दिसत होते. अकीक! माझ्या टम्बलरचा ड्रम मात्र लोणच्याच्या बरणीएवढा. म्हणजे फोडणं आलं.

पहिला घाव मी बाल्कनीत, घरातल्याच हातोडीनं घातला. एक कपची गालाजवळून सणसणत गेली आणि तुळशीच्या कुंडीत रुतली. डोळ्यांवर चष्मा नव्हता. दगडाला फारसं काही झालं नाही. मग मी हातोडी बाजूला ठेवली आणि माझ्याआधी हे काम लोकांनी कसं केलं, ते शोधत बसले.

पुण्यात दगड फोडणं म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो काळा पाषाण, पाताळेश्वरच्या भिंतींवरचे टाकीचे घाव आणि वडारांची सुतकी. भोकांची रांग पाडून पाचरी ठोकल्या की काळा पाषाण रेषेत दुभंगतो. अकीक त्याच्याच पोटातला. लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि त्यांत सिलिका थराथरानं साचत गेली. पण हे पोर आईवर गेलेलं नाही. ते काचेसारखं फुटतं, शिंपल्यासारखे गोलसर टवके टाकत.

हे ज्यांना नीट कळलं होतं ती माणसं त्याच घोड नदीकाठी राहत होती. पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, ह. धी. सांकलिया आणि म. के. ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ती शेतकऱ्यांची वस्ती. तांबं होतं, पण बेताचंच. रोजची कापाकापी चालायची कॅल्सेडनीच्या पात्यांनी, आणि अकीक म्हणजे पट्टेदार कॅल्सेडनीच. ते कारागीर गोट्याच्या एका बाजूनं आलटून पालटून बारीक टवके काढत आणि एक उभा कणा तयार करत. मग वरून जोर दिला की भेग त्या कण्याला धरून सरळ खाली उतरे आणि लांब पातं सुटे. त्या पात्याच्या खुणेची कड पुढच्या पात्याला वाट दाखवे. मठ्ठ माणसाला आपण दगड म्हणतो. हा दगड तर सांगाल तिथं फुटतो, फक्त सांगता यायला हवं.

दख्खनचा अकीक लांबवर जात असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून गाड्यांमधून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जाणाऱ्या अशाच दगडाची नोंद आहे. भडोचच्या पलीकडे खंभात, आणि तिथं हे काम अजून चालतं. कारागीर जमिनीत तिरपी रोवलेली टोकदार लोखंडी सळई समोर घेऊन बसतो, दगड तिच्या टोकाला टेकवतो आणि वरून शिंगाच्या हातोडीनं टोला देतो. शिंग मऊ, त्यामुळे दगडाचा चुरा होत नाही. टवका सुटतो तो सळईच्या टोकापाशी. त्याआधी दगड मडक्यात घालून, गोवऱ्यांच्या धगीत सावकाश तापवलेला असतो. घासलेले मणी पूर्वी चामड्याच्या पिशवीत कुरुंदाची पूड आणि पाणी घालून भरत, आणि दोन माणसं दोन टोकांना बसून ती पिशवी कित्येक दिवस पुढेमागे लोळवत. माझ्या बाल्कनीतला टम्बलर म्हणजे तीच पिशवी, माणसांच्या जागी मोटर.

पण याच खंभातमध्ये अकीक घासणाऱ्यांना सिलिकोसिस होतो. कोरड्या चाकावर उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते, ती परत निघत नाही. घासणाऱ्यालाच नाही, त्याच घरात राहणाऱ्यांनाही. ही माहिती वाचताना माझ्या फरशीवर पहिल्या घावाची पांढरी पूड तशीच पडलेली होती आणि आई केरसुणी घेऊन दारात उभी होती. ‘आई, थांब, झाडू नकोस,’ मी जवळजवळ ओरडलेच. ओल्या फडक्यानं पुसून घेतलं.

दुसऱ्यांदा दगड रात्रभर पाण्यात ठेवला. तापवून वर गार पाणी ओतायचा मोह झाला होता, आवरला. भेगांत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की दगड फटाक्यासारखा उडतो. सोसायटीच्या मागं मातीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून, गॉगल, मास्क, जाड हातमोजे आणि पायात बूट घालून, दोन किलोच्या घणानं जुन्या टवक्याच्या कडेवर घाव घातला. तिसऱ्या घावाला आतून खट्ट असा आवाज आला. गोणपाट उघडलं तर पाच तुकडे, कडा ब्लेडसारख्या. एकात मोठी चीर होती, तो बाजूला काढला; चिरलेला तुकडा ड्रममध्ये फुटतो आणि बाकीच्यांना ओरखडतो.

उरलेले चार सिलिकॉन कार्बाइडच्या पुडीसोबत आज सहावा दिवस फिरताहेत. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी काल विचारलं, ‘रात्रंदिवस काय दळतेस गं?’