दहा राग आणि एक यंत्रताल

वाद्ये कोणी घडविली, घराणी कोणी स्थापिली, नाटकमंडळ्यांनी कोणत्या चाली रूढ केल्या, हा इतिहास मराठीत पुष्कळ लिहिला गेला आहे. ऐकणारांचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाही. वस्तुतः गाणारा आणि वाजविणारा यांच्याइतकाच ऐकणाराही संगीताच्या बऱ्यावाईटास कारण होत असतो. त्याने कान दिला तर एखादी गोष्ट टिकते; न दिला तर ती चांगली असूनही पडून राहते. असे एक उदाहरण मुंबईत १९८२ साली घडून गेले, आणि आम्हांस ते कळले तेव्हा त्यास कित्येक वर्षे लोटली होती. त्याची हकीकत आज वाचकांपुढे मांडावयाची आहे.

प्रथम आमच्या गावची स्थिती सांगितली पाहिजे. यंत्रांवर निर्माण केलेले नृत्यसंगीत, ज्यास जगात इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक या नावाने ओळखतात, ते बुलढाणा जिल्ह्यातील सुशिक्षित कुटुंबांस ठाऊक आहे ते एकाच रूपात. लग्नाची वरात असो की विसर्जनाची मिरवणूक असो, गाडीवर कर्ण्यांची भिंत रचलेली असते. लोकांनी त्या सगळ्या सरंजामासच ‘डीजे’ हे नाव देऊन टाकले आहे. ती गाडी खामगावच्या किंवा मेहकरच्या एखाद्या अरुंद रस्त्याने जाऊ लागली म्हणजे खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि म्हातारी माणसे छातीवर हात ठेवून बसतात. वस्तीच्या भागात आवाज दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच्या पुढे जाऊ नये, असा नियम २००० सालापासून आहे. परंतु नियम कागदावर राहतो आणि ठोका छातीत राहतो. अशा स्थितीत ‘हे संगीतच नव्हे’ असा निकाल वडीलधाऱ्यांनी दिला, तर त्यांस दोष कसा द्यावा? इकडे त्याच घरातील तरुण मुलगा दार लावून, कानांवर हेडफोन चढवून, त्याच जातीचे काहीतरी तासन् तास ऐकत असतो. एका घरात दोन कान झाले आहेत, आणि त्यांचे आपसांत बोलणे बंद झाले आहे.

आम्हीही पहिल्याच पक्षाचे होतो. पुण्यास शिकणारा आमचा पुतण्या एका हिवाळ्याच्या सुटीत बुलढाण्यास आला असता म्हणाला, “काका, एक तबकडी ऐकवतो. राग तुम्हीच ओळखायचे. पण मधे उठायचे मात्र नाही.” आम्ही ही अट मान्य केली, ती केवळ त्याचे मन मोडू नये म्हणून.

तबकडीचे नाव होते ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’, म्हणजे डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग, आणि वादकाचे नाव चरणजित सिंग. हे गृहस्थ मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांतील एक कसलेले वादक होते. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुल देव बर्मन अशांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी गिटार आणि विजेवर चालणारी स्वरवाद्ये वाजविली. लाखो लोकांनी त्यांचे वादन ऐकले, पण नाव फार थोड्यांस माहीत झाले. वाद्यवृंदातील वादकाचे प्राक्तन बहुधा असेच असते. त्यांनी सिंगापुरातून रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रे आणली. ज्युपिटर-८ हा अनेक स्वर एकाच वेळी काढणारा सिंथेसायझर. टीआर-८०८ हे ताल देणारे यंत्र. आणि टीबी-३०३ ही खर्जातील स्वरांची आवर्तने वाजविणारी लहानशी पेटी.

या शेवटच्या पेटीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. एकट्या गिटारवाल्यास बेस गिटारची साथ मिळावी, एवढ्याच हेतूने ती १९८१-८२ च्या सुमारास बाजारात आली. सोळा मात्रांचे एक आवर्तन तीत आगाऊ भरून ठेवता येते. कोणत्या स्वरावर जोर द्यावयाचा आणि कोणत्या स्वरावरून पुढच्यावर घसरत जावयाचे हेही ठरविता येते. आपल्या भाषेत बोलावयाचे तर तीत आघात आहे आणि एक ओबडधोबड मींडही आहे. खऱ्या बेस गिटारसारखा आवाज मात्र तीतून निघेना. गिऱ्हाईक निराश झाले आणि थोड्याच वर्षांत कंपनीने ती काढणे बंद केले.

काळ डिस्कोचा होता. १९८० साली ‘कुर्बानी’ चित्रपटातील नाझिया हसन यांचे गाणे देशभर गाजले होते, आणि १९८२ साली ‘डिस्को डान्सर’ आला. अशा वेळी सिंग यांनी गायक वगळला, तबला वगळला आणि ही तीन यंत्रे एकमेकांस जोडून त्यांवर शुद्ध रागस्वर वाजविण्याचे योजिले. ग्रामोफोन कंपनीने ती तबकडी काढली. ती मुळीच चालली नाही. चित्रपटाच्या रसिकास तीत गाणे सापडले नाही, बैठकीच्या रसिकास ती बाजारी वाटली असावी, आणि नाचणारास ती नाचगृहात कोणी ऐकविली नाही.

आम्ही ती त्या संध्याकाळी दोन्ही बाजू पुरी होईपर्यंत ऐकली. प्रत्येक राग सुमारे पाच मिनिटांचा. खाली यंत्राचा ठोका अखंड चाललेला. त्याच्यावर खर्जातील लहान आवर्तन उंदरासारखे धावणारे. आणि या दोहोंच्या वर ज्युपिटरचा स्वर एखाद्या गायकासारखा रागाच्या मर्यादेत फिरणारा. पहिली दहा मिनिटे आम्हांस ठोक्याशिवाय काही ऐकू येईना. भूप लागला तेव्हा प्रथम कान सुटा झाला. मध्यम-निषाद वर्ज्य असलेला तो पाच स्वरांचा राग. त्याची ओळख इतकी पक्की की कोणत्याही वेषात तो लपत नाही. पुढे यमनाचा तीव्र मध्यम आला, कलावती आला, आणि मालकंस सुरू झाला तेव्हा आम्ही ठोका विसरून गेलो होतो. ऋषभ आणि पंचम गाळलेल्या मालकंसाची गंभीर छाया त्या खर्जाच्या आवर्तनावर अशी काही उतरली, की आम्ही सावरून बसलो.

असे का व्हावे, याचा आम्ही पुढे विचार केला. आपल्या रागसंगीतात स्वरसमूह बदलत नाही. एक षड्ज धरून त्याभोवती सर्व विस्तार होतो. पाश्चात्य गीतात क्षणोक्षणी स्वरसंवाद बदलत जातात. परंतु यंत्रावरील नृत्यसंगीताने तो बदल जवळजवळ टाकूनच दिला आहे. एका आधारस्वरावर ते पाच-दहा मिनिटे ठाम उभे राहते, आणि जे घडते ते नादाच्या रंगात घडते. तेव्हा तंबोऱ्याचे संगीत आणि हे संगीत यांत एक आडवळणाचे नाते आहे. सिंग यांनी ते सिद्धांत मांडून नव्हे, बोटांनी ओळखले.

पुनरावृत्तीचा कंटाळा येतो, असा दुसरा आक्षेप आहे. शेगावजवळ राहणारांनी तो घ्यावा याचे आम्हांस नवल वाटते. आषाढी वारी करून गजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावास परतते, तेव्हा वाटेवर उभे राहून ज्याने टाळमृदंग ऐकला आहे त्यास ठाऊक आहे, की तोच नामघोष, तीच पावली, शंभरदा आली तरी शंभरावी पहिलीसारखी नसते. लय थोडी चढते, एखादा टाळ पुढे येतो, आणि ऐकणारा आपल्या नकळत पाय उचलू लागतो. भक्ती आणि नाच यांची बरोबरी आम्ही करीत नाही. पुनरावृत्तीने मन एकाग्र होते हा अनुभव मात्र आमच्या मातीस परका नाही, एवढेच म्हणावयाचे आहे.

यंत्राविषयीचा तिटकाराही नवा नाही. पेटी परदेशातून आली. तिचे स्वर बांधलेले, तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून १९४० साली नभोवाणीने तिच्यावर बंदी घातली होती. तरी गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांच्या हातांत त्याच पेटीने महाराष्ट्राचे कान तृप्त केले. आक्षेप खोटा होता असे नाही. या तबकडीवरही तो लागू पडतो, आणि तो लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. तोडीचा कोमल गंधार जसा उतरावा तसा येथे उतरत नाही. ललितात दोन मध्यमांच्या मधली पहाटेची हुरहूर ठोक्याच्या घाईत हरवते. लय एकच, मिंड थोडी, विलंबितास जागाच नाही. पाच स्वरांचे राग जितके साधले तितके हे साधले नाहीत, असे आमचे मत झाले. परंतु हे मत देता आले, ते ऐकल्यानंतर; न ऐकता दिलेले मत हे मत नव्हे.

आता या तबकडीचे पुढे काय झाले ते सांगतो. १९८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात ‘फ्यूचर’ नावाच्या तरुणांच्या संचाने तीच टीबी-३०३ पेटी घेऊन, तिच्या कळा फिरवीत ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी काढली, आणि तीतून ‘ॲसिड हाऊस’ हा नृत्यसंगीताचा पंथ युरोपभर पसरला. तिकडे हे चालले असता इकडची तबकडी धूळ खात पडली होती. २००२ साली एदो बाउमन या डच संग्राहकास ती दिल्लीत सापडली. २०१० साली त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली, आणि मग युरोपातील श्रोते चकित झाले. सत्तरीच्या घरात पोचलेले सिंग तिकडे जाऊन वादन करून आले. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

हे कळताच आमच्यातील काहींनी ‘हे संगीत आम्हीच शोधून काढले’ असा घोष सुरू केला. इतिहासाच्या दृष्टीने तो टिकणारा नाही. शिकागोच्या तरुणांनी सिंग यांची तबकडी ऐकली होती असा काही पुरावा नाही. एकाच टाकाऊ पेटीतून दोन ठिकाणी दोन भिन्न हेतूंनी समान नाद निघाला, एवढेच खरे. ज्यास आपण तीस वर्षे ऐकले नाही त्याचे पितृत्व सांगत सुटणे, हाही न ऐकण्याचाच एक प्रकार होय. शिवाय हे उदाहरण एकटे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ साली गीता साराभाई यांच्या पुढाकाराने डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसविला, आणि आपल्या तरुणांनी त्यावर प्रयोग केले. त्या फितीही दशकानुदशके कपाटात राहिल्या. त्यांतील निवडक नाद २०२३ साली लोकांपुढे आले. निर्माण करणारे आपल्याकडे होते. उणीव होती ती ऐकणारांची.

रस्त्यावरील कर्ण्यांची भिंत आणि ही तबकडी यांत ठोका सारखा असेल, परंतु एकीत ऐकण्यास सवडच ठेवलेली नाही आणि दुसरी ऐकल्यावाचून उलगडत नाही. पहिलीचा निषेध अवश्य करावा. दुसरीसाठी एक संध्याकाळ द्यावी: आवाज बेताचा ठेवावा, बाजू संपेपर्यंत उठू नये, आधी खर्जाचे आवर्तन धरावे आणि मग स्वर कोठे जातो ते पाहावे.

त्या रात्री तबकडी संपल्यावर पुतण्या काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “काका, हा मालकंस माणसाच्या गळ्यातून कसा येतो?” आम्ही उठलो, जुन्या ध्वनिमुद्रिकांची पेटी काढली, आणि त्याला सांगितले की आता अट आमची: मधे उठायचे नाही. तो उठला नाही. बाहेर थंडी पडली होती आणि घरातील दार बऱ्याच दिवसांनी उघडे होते.