पाला, पंचांग आणि परसबाग



आपल्यापैकी बरेच जण हल्ली एप्रिल आला की मुलांकडे कॅनडा-अमेरिकेत जातात आणि दिवाळीच्या सुमारास परततात. आम्ही दोघंही गेली काही वर्षं टोरांटोजवळ मुलीकडे जातो. तिच्या घरामागे वीस बाय पंधरा फुटांची जागा आहे, तिथे भाजीपाला लावतो. थंड मुलुखात वसंतात बाग सुरू करणं म्हणजे आपल्याकडची सगळी गणितं उलटी. ही गणितं तिथल्या लोकांनी कशी सोडवली ते मी बँकेतल्या सवयीने वहीत टिपत गेलो. टिपताना सारखं आपलं लष्कर आठवायचं, म्हणून इथे लिहितो.

आधी घरचं. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ तळ दिला, त्या छावणीचं पुढे लष्कर शहर झालं. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या मागून देशावरून, कोकणातून आपली घरं आली. त्या मंडळींना इथला हिवाळा नवा होता. भाषेतसुद्धा त्याची खूण राहिली आहे. महाराष्ट्रात पाला म्हणजे झाडाची पानं. आपल्या ग्वाल्हेरी मराठीत 'पाला पडला' म्हणजे दहिवर गोठलं आणि पीक करपलं. एकदा पुण्याहून आलेले काका म्हणाले होते, "पाला पडला तर झाडून काढा, त्यात एवढं काय!" घरात आठवडाभर हशा.

जनकगंजात आमच्या घरामागे परस होतं. गिलकी, वांगी, टोमॅटो, एका कोपऱ्यात अळू आणि मधोमध तुळशीवृंदावन. पौषात थंडी कडक झाली की आजी संध्याकाळी वाफ्यांना पाणी द्यायची आणि रोपांवर जुनी पोती टाकायची. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री सोडते, हे मला पुढे पुस्तकात कळलं. आजी शाळेत गेलेली नव्हती. शेजारच्या काछणीने तिला सांगितलं होतं, एवढंच.

ग्वाल्हेरला पाल्याच्या दोन-चार रात्री सांभाळल्या की झालं. टोरांटोच्या आसपास साधारण मेच्या पहिल्या पंधरवड्यात शेवटचा पाला पडतो आणि ऑक्टोबरात पुन्हा पहिला. मधले जेमतेम पाच महिने आपले. ही मुदत कोणी वाढवून देत नाही. त्या मुलुखातला बागेचा सगळा इतिहास म्हणजे या पाच महिन्यांचे सहा कसे करायचे, याची खटपट आहे.

पहिली खटपट तिथल्या मूळ लोकांची. शँप्लेन हा फ्रेंच माणूस १६१५ मध्ये आजच्या ओंटारिओत ह्युरॉन-वेन्डाट लोकांकडे पोचला आणि हिवाळाभर राहिला. त्या लोकांची मक्याची मोठी शेती होती. मका, घेवडा आणि भोपळा ते एकत्र लावत. घेवडा मक्यावर चढतो आणि मातीला नत्र देतो, भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल राखतात. पण मला जास्त पटली ती त्यांची मातीची उंचवट्यावरची लागवड. सपाट जमिनीपेक्षा उंचवटा लवकर निथळतो आणि लवकर तापतो. आज तिथे घरोघरी लाकडी चौकटीत माती भरून उंच वाफे करतात, ते त्याच तत्त्वावर. मका कधी पेरायचा? ओकच्या झाडाचं पान खारीच्या कानाएवढं झालं की, असा मूळ लोकांकडून आलेला म्हणून सांगितला जाणारा आडाखा तिथे अजून ऐकू येतो. तारखेपेक्षा झाडाला जास्त कळतं, कारण झाड त्या वर्षीची ऊब मोजतं.

युरोपातून लोक गेले ते आपले आडाखे घेऊन गेले. जर्मन मुलुखात ११ ते १५ मे हे 'बर्फाच्या संतांचे' दिवस. शेवटचा दिवस 'थंड सोफी'चा. सोफी गेल्याशिवाय नाजूक रोप बाहेर काढायचं नाही. ओंटारिओत हाच मान राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाला आहे. तो २४ मे चा. आता सुट्टी २५ मे च्या आधीच्या सोमवारी असते. त्या शनिवार-रविवारी रोपवाटिकांबाहेर गाड्यांच्या रांगा लागतात. आपण मृगाची वाट बघतो तसे ते व्हिक्टोरिया डेची बघतात.

दुसरी खटपट शेणा-लिदीची. खड्ड्यात घोड्याची ताजी लीद भरायची, वर माती आणि वर काच. लीद कुजताना तापते आणि बाहेर बर्फ असताना आत रोप वाढतं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या माळ्यांनी यात कमाल केली. शहरभर घोडागाड्या, त्यामुळे लिदीला तोटा नाही. काचेच्या घंटांखाली ते ऐन थंडीत कोशिंबिरीचा पाला पिकवत. घोडे गेले, मोटारी आल्या आणि तो धंदा बसला. आपल्या बाड्यावरचे टांगे गेले तेव्हा लष्करात लीद महाग झाली होती, ते माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. आता मुलीकडे तेच काम दक्षिणेची खिडकी आणि एक दिवा करतो. टोमॅटो, मिरची, वांगं यांचं बी मार्च-एप्रिलमध्ये घरात रुजवायचं, सहा-आठ आठवड्यांचं रोप झालं की आठ-दहा दिवस रोज थोडा वेळ बाहेर ठेवून वारा-उन्हाची सवय करायची आणि मग लावायचं. एकदम बाहेर काढलं तर ते मान टाकतं. वाटाणा, मुळा, पालक मात्र धीट; बर्फ वितळून माती हातात मोकळी झाली की एप्रिलमध्येच पेरता येतात.

तिसरी गोष्ट वाचून मी चकित झालो. कॅनडाच्या पश्चिमेकडच्या मैदानात गहू व्हायचा, पण पिकायला उशीर झाला की पाला गाठायचा. तिथल्या 'रेड फाइफ' गव्हाचा संकर लवकर पिकणाऱ्या एका हिंदुस्थानी गव्हाशी केला, त्याचं नाव 'हार्ड रेड कलकत्ता'. त्या वंशातून चार्ल्स साँडर्स यांनी ओटावाच्या सरकारी प्रयोगशेतावर १९०३-०४ च्या सुमारास 'मार्क्विस' निवडला. तो आठवडाभर तरी आधी तयार व्हायचा आणि काही वर्षांत पश्चिम कॅनडात सर्वत्र पसरला. म्हणजे त्या थंड देशाच्या धान्यकोठारात आपल्याकडचंही थोडं रक्त आहे.

मग युद्ध आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला कॅनडाचं सरकार हौशी लोकांनी भाजी लावू नये अशाच मताचं होतं. नवखे बी आणि खत वाया घालवतील ही भीती. पुढे १९४३ मध्ये धोरण फिरलं. १९४४ मध्ये देशात सुमारे २ लाख ९ हजार 'विजय बागा' होत्या आणि त्यांतून सुमारे ५७ हजार टन भाजी निघाली, असा अंदाज आहे. त्याच सुमारास इकडे 'अधिक धान्य पिकवा' मोहीम चालू होती आणि बंगालात दुष्काळाने माणसं मरत होती. हौसेची बाग आणि पोटासाठीची बाग यांतलं अंतर आपल्या पिढीला सांगायला नको. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ जेवू नका म्हटलं तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या परसातल्या शेवंतीच्या जागी त्या वर्षी मेथी-पालक आला.

हा सगळा जमाखर्च मांडल्यावर मला एक गोष्ट दिसते. माणूस नव्या गावात घर घेतो तेव्हा नाही, तर तिथलं पंचांग शिकतो तेव्हा वसतो. आमचे पूर्वज मृगावर पेरणारे. ग्वाल्हेरला पाऊस जून संपता संपता येतो आणि पौषात पाला पडतो, हे ते शिकले. म्हणून ते इथले झाले. त्यांनी मराठी सोडली नाही, पण 'पाला' शब्दाला नवा अर्थ दिला.

जनकगंजचं घर चार वर्षांपूर्वी विकलं. भावंडांत वाटण्या व्हायच्या होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. सौ.ला वृंदावनातली मूठभर माती मुलीकडे न्यायची होती. पण आपल्याकडची माती कॅनडात न्यायला बंदी आहे. मातीतून रोग-किडी जातात. ती काही बोलली नाही. तिथल्या देशी दुकानातून तुळशीचं बी आणून तिने कुंडीत लावलं. ती कुंडी मे अखेर बाहेर जाते आणि सप्टेंबरात आत येते. तुळशीचं लग्न येतं तोवर बाहेर पाला सुरू झालेला असतो, म्हणून मुलगी ते बैठकीत खिडकीपाशी लावते आणि आम्ही इथून फोनवर मंगलाष्टकं म्हणतो.

नातू मला एकदा म्हणाला, "आजोबा, इंडियाचा कांदा इथे छोटा का होतो?" आपलं बियाणं बारा तासांच्या दिवसाला सरावलेलं. तिथे जूनमध्ये दिवस पंधरा तासांवर जातो, त्यामुळे ते घाईने गड्डा धरतं आणि लिंबाएवढंच राहतं. मोठ्या दिवसांचं वेगळं बी मिळतं, ते लावलं की कांदा चांगला पोसतो. त्याला हे सगळं मराठीत सांगितलं. वाफा, आळं, रोप, गड्डा हे शब्द त्याला बागेमुळे येतात. पुस्तकातून आले नसते.

ज्यांची मुलं थंड मुलुखात आहेत त्यांनी पहिल्या वर्षी फार पसारा करू नये. दोन उंच वाफे, मेथी, मुळा, वाटाणा आधी. चार टोमॅटो आणि दोन मिरच्या व्हिक्टोरिया डेनंतर. कोथिंबीर थोडी थोडी दर पंधरा दिवसांनी पेरावी, मोठ्या दिवसांत ती लवकर फुलावर येते. कढीपत्ता कुंडीतच ठेवावा.

आणि लष्कर, मुरार, इंदूर, बडोदा, बेळगाव कुठलेही असा, तुमच्या जुन्या घराच्या परसात काय काय होतं आणि ते कोणी लावलं होतं, ते जरूर लिहा. घरं जातात. निदान यादी तरी राहू दे.