परदेशी लायसन्स, दारू आणि सीमेवर संपणारी बंदी

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, हा इतिहासाचा विषय कसा? हा तर आरटीओचा विषय. पण राज्यसंस्थेचा हात नेमका कुठपर्यंत पोचतो, हे बघायचं असेल तर ड्रायव्हिंग लायसन्ससारखं दुसरं कागदपत्र नाही.

एक साधी परिस्थिती घेऊ. पुण्याचं लायसन्स असलेला एक तरुण शिकायला इंग्लंडला गेला. तिथे राहायला आल्यापासून १२ महिने तो आपल्या भारतीय लायसन्सवर गाडी चालवू शकतो. एका रात्री पार्टीनंतर पोलिसांनी थांबवलं, श्वासचाचणी झाली आणि तो दोषी ठरला. कायद्याप्रमाणे किमान १२ महिन्यांची बंदी. म्हणजे सवलतीचं वर्षही बंदीतच संपून जाणार. पण प्रश्न असा की न्यायालयाने त्याच्याकडून नेमकं काय काढून घेतलं? लायसन्स पुण्याचं आहे. ते दिलं महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने. इंग्लंडचा न्यायाधीश ते रद्द कसं करणार?

उत्तर आहे, करू शकत नाही. तो फक्त त्या देशाच्या रस्त्यांवर गाडी चालवायचा हक्क काढून घेतो. मोडलीत तर तुरुंग आहे, तिकडच्या नोंदीत शिक्षा ११ वर्षं राहते, सगळं खरं. पण मुंबईच्या विमानतळावर उतरलं की ती बंदी मागे राहते. हे असं का झालं, याची गोष्ट शंभराहून जास्त वर्षांची आहे.

सुरुवात ब्रिटनपासूनच करू. सप्टेंबर १८९७ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या टॅक्सीचालकाने दारूच्या नशेत गाडी एका इमारतीवर घातली आणि त्याला दंड झाला. मोटार दारू पिऊन चालवल्याबद्दलची ही पहिली अटक मानतात. तेव्हा मोटार चालवायला सर्वसाधारण लायसन्स असा प्रकारच नव्हता. तो आला १९०३ च्या मोटर कार ॲक्टने, आणि गंमत बघा, त्यासाठी परीक्षा नव्हती! पाच शिलिंग भरा, लायसन्स घ्या. सक्तीची चाचणी आली थेट १९३५ मध्ये. मग परीक्षेशिवायच्या लायसन्सचा उपयोग काय? एक म्हणजे माणूस ओळखता येतो. दुसरं, न्यायालयाला त्यावर शेरा मारता येतो, ते स्थगित करता येतं. माझ्या मते सुरुवातीच्या काळात लायसन्स हे कौशल्याचं प्रमाणपत्र नव्हतंच. काढून घेता यावं म्हणून दिलेली ती वस्तू होती. १९३० च्या कायद्याने नशेत गाडी चालवणाऱ्यावर १२ महिन्यांची बंदी घालायचं ठरलं, आणि मघाशी सांगितलेले १२ महिने तिथूनच चालत आले आहेत.

तोवर मोटारी सीमा ओलांडायला लागल्या होत्या. १९०९ आणि १९२६ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय करार झाले. पण आपल्याला थांबायचंय ते १९ सप्टेंबर १९४९ च्या जिनिव्हा करारापाशी. भारत आणि ब्रिटन, दोघेही या करारात आहेत. कलम २४ सांगतं की परदेशी चालकाने असा गुन्हा केला की ज्यात स्थानिक माणसाचंही लायसन्स गेलं असतं, तर त्याचा वापराचा हक्क काढता येईल. लायसन्स जप्तही करता येईल. पण कधीपर्यंत? बंदी संपेपर्यंत किंवा तो माणूस देश सोडेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोपर्यंत.

‘देश सोडेपर्यंत’ हे शब्द नीट ऐका. कागद तुमच्या सरकारचा आहे, आम्ही तो फार तर सांभाळून ठेवू, जाताना परत देऊ. दोन शेजाऱ्यांमधला शिष्टाचारच म्हणा ना. आणि मूळ देशाला कळवायचं? त्याबद्दल करार म्हणतो, कळवू शकेल. कळवावंच लागेल असं म्हणत नाही. पुढचा सगळा इतिहास या ‘शकेल’चा ‘लागेल’ करण्याच्या धडपडीचा आहे.

तुमच्यापैकी कुणाकडे आरटीओतून काढलेली आंतरराष्ट्रीय परमिटची पुस्तिका असेल तर घरी गेल्यावर उघडून बघा. ती याच १९४९ च्या नमुन्यावर बेतलेली असते. त्या नमुन्यात ‘एक्स्क्लूजन’ नावाची जागा आहे. कुठल्या देशाने, कशासाठी तुम्हाला गाडी चालवायला मनाई केली, ते तिथे लिहायचं. म्हणजे संगणक नसताना गुन्हेगारानेच आपली नोंद खिशात घेऊन फिरायचं, अशी ही व्यवस्था होती.

१९६८ चा व्हिएन्ना करार यात फारसा पुढे गेला नाही. तिथेही कळवू शकेल, विनंती करू शकेल, असंच. जून १९७६ मध्ये ब्रसेल्सला युरोप कौन्सिलने एक करार केला, त्यात मात्र कळवणं बंधनकारक झालं. पण सह्या करून मंजुरी देणारे देश थोडेच निघाले. मग जून १९९८ मध्ये युरोपियन युनियनने स्वतःचा करार केला. सगळ्या सदस्यांची मंजुरी काही जमली नाही.

त्यात एक जोडी मात्र मनापासून पुढे आली. ब्रिटन आणि आयर्लंड. कारण उघड आहे. उत्तर आयर्लंडमधलं न्यूरी आणि पलीकडचं डंडॉक यांत अंतर वीसेक किलोमीटर. आयरिश लायसन्सवाल्याला न्यूरीत दारूसाठी बंदी झाली तरी डंडॉकमध्ये तो बिनदिक्कत गाडी चालवणार. जानेवारी २०१० पासून दोन्ही देशांनी एकमेकांच्या बंद्या मान्य करायला सुरुवात केली. आणि डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटन युनियनच्या पोलीस व न्यायविषयक नियमांच्या एका मोठ्या गठ्ठ्यातून बाहेर पडला, त्या गठ्ठ्यात हेही गेलं! दारुड्या चालकांना मोकळीक द्यावी असं कुणाच्या मनात नव्हतं. तरी २०१५ मध्ये नवा द्विपक्षीय करार करून तो २०१७ मध्ये लागू होईपर्यंत सीमा पुन्हा पूर्वीसारखी झाली.

आता जर्मनी. तिथे कथा उलटी. जर्मनीत रक्तात १.६ प्रति हजार किंवा जास्त अल्कोहोल सापडलं तर लायसन्स परत मिळवायला वैद्यकीय-मानसशास्त्रीय तपासणी द्यावी लागते. लोक तिला सरळ ‘मूर्खांची परीक्षा’ म्हणतात. ती टाळायला लोकांनी काय करावं? शेजारच्या देशात जाऊन नवं लायसन्स काढावं. जर्मन भाषेत त्याला ‘लायसन्स पर्यटन’ असाच शब्द रूढ झाला. २९ एप्रिल २००४ रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने एका डच लायसन्सच्या खटल्यात सांगितलं की बंदीची मुदत संपल्यावर दुसऱ्या सदस्य देशाने दिलेलं लायसन्स जर्मनीला मानावंच लागेल. अशा पर्यटनाला याने बळच मिळालं.

मग जून २००८ चे खटले आले, चेक लायसन्सचे. लायसन्स चेक, पण त्यावर छापलेलं राहण्याचं ठिकाण जर्मनीतलं! न्यायालय म्हणालं, अर्जदार तिथे राहतच नव्हता हे लायसन्सवरूनच दिसत असेल तर मानू नका. इतका उघड पुरावा लोकांनी खिशात बाळगला होता, याचं मला आजही नवल वाटतं. जानेवारी २००९ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी ही फट आणखी बुजवली.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. इंग्लंडमध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. भारतात ३० मिलिग्रॅम. चेक प्रजासत्ताकात शून्य. प्रागमध्ये जो गुन्हेगार तो लंडनमध्ये निर्दोष. मग परक्या न्यायालयाच्या, परक्या भाषेत चाललेल्या खटल्याच्या जोरावर माणसाचं घरच्या गावातलं रोजीरोटीचं साधन का काढावं? ट्रकचालकाच्या बाबतीत हा आक्षेप वेडगळ नाही. पण सीमेच्या या बाजूला त्याच माणसाच्या गाडीखाली येणाऱ्याला कुणाच्या मर्यादेने मोजायचं, हेही विचारावं लागतं. मला स्वतःला दुसरा प्रश्न जास्त वजनदार वाटतो.

युरोपियन युनियनने अखेर २०२५ मध्ये नवे नियम मंजूर केले. नशेत गाडी चालवण्यासारख्या गंभीर गुन्ह्यांसाठीची बंदी आता सर्व सदस्य देशांत लागू व्हावी, अशी त्यात तरतूद आहे. अंमलबजावणीला देशांना काही वर्षं दिली आहेत. पण हे सदस्य देशांनी दिलेल्या लायसन्सपुरतं आहे. आपल्या पुणेकर तरुणाचं लायसन्स त्यात बसत नाही.

त्याच्या बाबतीत भिंत वेगळ्याच बाजूने उभी राहिली आहे. नोव्हेंबर २०१५ पासून अमेरिकेच्या वकिलाती, नशेत गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली असली तरी, दोषी ठरण्याआधीही व्हिसा रद्द करू शकतात. डिसेंबर २०१८ पासून कॅनडात हा गुन्हा इतक्या वरच्या श्रेणीत गेला की एका शिक्षेनेही परदेशी माणसाचा प्रवेश अडू शकतो. म्हणजे लायसन्सवरची बंदी सीमेवर थांबते आणि व्हिसावरची नोंद पुढे चालत राहते. इकडे आपल्याकडे कलम १८५ खाली किमान सहा महिन्यांची बंदी आहे, पण लेस्टरच्या न्यायालयाने केलेली शिक्षा पुण्याच्या आरटीओला कळवायचं बंधन १९४९ च्या करारात आजही नाही. ‘कळवू शकेल’, एवढंच.

आता तुमचे प्रश्न घेऊ.